पाषाणांना बोलते करणारे हरिभाऊ

(ताडकळस, जि. परभणी येथे पद्मश्री डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या जीवनकार्यावर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



ज्या गावाच्या नावातच कळस आहे, त्या गावात पायाविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये. कळस दुरून दिसतो. त्याला हात जोडायला कोणाला शिकवावे लागत नाही. पाया मात्र जमिनीत असतो. तो पाहायचा तर खाली वाकावे लागते, माती बाजूला सारावी लागते आणि हाती काय लागेल याची खात्री नसताना कष्ट उपसावे लागतात. राष्ट्राच्या जीवनातही असेच असते. आपल्या संस्कृतीच्या कळसाचा जयजयकार करणारे पुष्कळ आहेत. तिचा पाया कोठे, किती खोल आणि कशाचा आहे, हे हातात वही-पेन्सिल घेऊन शोधणारे थोडे. त्या थोड्यांपैकी एक म्हणजे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, अर्थात सर्वांचे हरिभाऊ.

येथून जवळच्या पूर्णा किंवा परभणी स्थानकावर सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसून उत्तर भारतात गेलेले अनेक जण या सभेत असतील. गाडी मनमाड, भुसावळ, खंडवा करीत इटारसी सोडते, नर्मदा ओलांडते आणि विंध्याच्या घाटात शिरते. भोपाळ येण्यापूर्वी ओबेदुल्लागंजच्या परिसरात, साग-सालईच्या रानातून डोके वर काढलेले प्रचंड खडक दिसतात. ऊन-पावसाने कोरलेले, कोठे कासवासारखे, कोठे पडक्या किल्ल्याच्या बुरुजासारखे. हजारो प्रवासी ते खडक पाहतात आणि पुन्हा डब्यातल्या गप्पांकडे वळतात. १९५७ मध्ये याच भागातून रेल्वेने जाणाऱ्या एका अडतिशीच्या चित्रकाराला मात्र ते खडक स्वस्थ बसू देईनात. तो पुढे पायी तेथे पोहोचला आणि भीमबैठका हे नाव जगाच्या इतिहासात नोंदले गेले.

चित्रकाराचा डोळा

हरिभाऊंचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमचला झाला. शिंदे, होळकर, पवार यांच्या पराक्रमाबरोबर जी मराठी घराणी माळव्यात गेली आणि तेथलीच झाली, त्या समाजातले हे कुटुंब. घरात मराठी, अंगणात माळवी आणि पाठशाळेत हिंदी असा तिहेरी संस्कार या मंडळींवर होत असे. हरिभाऊंनी शिक्षण घेतले ते चित्रकलेचे. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कलाभवन उभारले, मुलांना रेषा आणि रंग शिकवले. पुरातत्त्व ही त्यांची दुसरी विद्या. ती पहिलीच्या हाताला धरून आली.

हे ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या यशाचे मर्म येथेच आहे. शैलाश्रयाच्या, म्हणजे पुढे झुकलेल्या खडकाच्या आडोशाला असलेल्या भिंतीवर एकाच वेळी काढलेले एकच चित्र क्वचितच असते. हजारो वर्षे तीच भिंत पुनःपुन्हा वापरली गेलेली असते. बैलाच्या पाठीवरून हरिणाचे शिंग गेलेले असते, हरिणाच्या पोटातून घोडेस्वाराचा भाला. सामान्य माणसाला तेथे तांबड्या-पांढऱ्या रेघांचा गुंता दिसतो. चित्रकाराला मात्र कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली आहे ते दिसते. जी वर आहे ती नंतरची, जी खाली दबली आहे ती आधीची. पाटीवर आधीचे न पुसता वर लिहिलेले अक्षर जसे ओळखू येते, तसाच हा प्रकार. या साध्या वाटणाऱ्या न्यायाने चित्रांचे थर वेगळे करायचे, प्रत्येक थराची शैली ठरवायची, तिची तुलना उत्खननात सापडलेल्या खापरांवरील नक्षीशी करायची आणि मग कालक्रम मांडायचा. ही पद्धत हरिभाऊंनी भारतात आयुष्यभर राबवली. त्यासाठी आधी हुबेहूब प्रतिकृती काढणे भाग होते. छायाचित्र खडकाचे सर्व डाग एकसारखे टिपते. चित्रकाराचा हात मात्र प्रत्येक रेषेचा विचार करूनच पुढे सरकतो. नक्कल करता करताच त्यांना मूळ चित्रकाराच्या मनगटाची गती उमगत गेली.

चंबळेच्या खोऱ्यात, भानपुरा-मोडीच्या परिसरात त्यांनी पायपीट केली. वाट दाखवायला गुराखी, मध गोळा करणारे, लाकूडतोडे. हीच त्यांची माहिती-केंद्रे. ज्या रानात शासकीय नकाशा मुका होतो, तेथे गुराख्याचे पोर बोलते, हा त्यांचा अनुभव होता.

भीमाची बैठक

भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात भीमबैठका आहे. आसपासच्या लोकांना हे नाव पूर्वापार ठाऊक होते. वनवासात पांडव येथे राहिले आणि भीमसेन या खडकांवर बसत असे, ही तिथली लोकश्रद्धा. १८८८ मध्ये डब्ल्यू. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक वनवासींच्या सांगण्यावरून या जागेचा उल्लेख बौद्ध स्थळ म्हणून केला. त्यानंतर ६९ वर्षे कोणी विद्वान ती टेकडी चढला नाही. लोकांनी नाव जपले होते, सरकारी कागदात चुकीची का होईना नोंद होती. कमी होता तो चढून जाणारा माणूस.

हरिभाऊ चढून गेले, तेव्हा त्यांच्यापुढे एक विराट चित्रशाळा उघडली. या परिसरातल्या सात टेकड्यांवर मिळून ७०० हून अधिक शैलाश्रय आहेत आणि त्यांतील शेकडो चित्रित आहेत. गेरूसारख्या लोहयुक्त खनिजाचा तांबडा रंग, चुनखडी-खडूचा पांढरा, क्वचित हिरवा नि पिवळा. हत्ती, गवे, सांबरे, बारशिंगे, रानडुकरे. धनुष्यबाण घेतलेले शिकारी. एकमेकांचे हात धरून नाचणारी माणसे, ढोल वाजवणारा वादक, पोळ्यातून मध काढणारे लोक, पोटात गर्भ दाखवलेली प्राण्याची मादी. वरच्या थरांत घोडे, हत्ती आणि शस्त्रे घेतलेल्या सैनिकांच्या मिरवणुका. एकाच भिंतीवर शिकारीपासून राज्यापर्यंतचा मानवाचा प्रवास रेखाटलेला!

ही चित्रे टिकली कशी, हेही समजून घ्यावे. विंध्याचा खडक वालुकाश्म आहे. त्याच्या सूक्ष्म रंध्रांत खनिज रंग मुरतो. वर झुकलेला खडक पावसाची झड अडवतो. आपल्या मराठवाड्यात जमीन आहे ती ज्वालामुखीतून निघालेल्या काळ्या पाषाणाची. येथे असे नैसर्गिक आडोसे फारसे नाहीत. म्हणून आपल्या पूर्वजांनी वेरूळ-अजिंठ्याला डोंगरच कोरला आणि अजिंठ्यात खडकावर मातीचा गिलावा देऊन मग त्यावर चित्रे काढली. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर माणसाने रंगाऐवजी कोरणीचा मार्ग घेतला. रत्नागिरी-सिंधुदुर्गची ती कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. जेथे जसा खडक, तेथे तशी स्मृती.

१९७० च्या दशकात भीमबैठक्याला उत्खनने झाली. उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाच्या वतीने हरिभाऊंनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे काम केले. शैलाश्रयांच्या तळाशी एक लाख वर्षांहून जुनी दगडी हत्यारे मिळाली. त्यावर मधल्या काळाची, त्यावर सूक्ष्म पाषाणास्त्रांची, त्यावर तांब्याच्या युगातली खापरे आणि त्यावर ऐतिहासिक काळातील अवशेष. याच डेक्कन कॉलेजच्या माध्यमातून, भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील प्रबंधासाठी हरिभाऊंना १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. तेव्हा त्यांचे वय ५४ होते! प्रथम रान पालथे घातले आणि मग पदवी घेतली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय पाषाणयुगीन चित्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये भीमबैठका जागतिक वारसास्थळ घोषित झाले. तो दिवस पाहायला हरिभाऊ नव्हते.

नोंद नसेल तर शोध नाही

येथे एका जुन्या प्रसंगाची आठवण करून द्यायला हवी. आदिमानवाची गुहाचित्रे म्हटली की जगभर स्पेनमधील अल्तामिराचे नाव घेतले जाते. १८७९ मध्ये तेथली चित्रे उजेडात आली आणि युरोपातील पंडितांनी ती बनावट ठरवली. खरी मानायला १९०२ साल उजाडले. परंतु अल्तामिराच्या सुमारे १२ वर्षे आधी, १८६७-६८ मध्ये आर्चिबाल्ड कार्लाइल याने आपल्या मिर्झापूर जिल्ह्यात, कैमूरच्या डोंगरात शैलचित्रे पाहिली होती आणि ती प्राचीन असल्याचे ओळखलेही होते. मग जगाच्या इतिहासात पहिला मान भारताला का मिळाला नाही? कारण कार्लाइलने आपल्या नोंदी वेळेवर प्रसिद्ध केल्या नाहीत. त्या लोकांपुढे आल्या त्या १९०६ मध्ये, दुसऱ्याच्या हातून.

या उदाहरणातून घ्यावयाचा बोध कठोर आहे. पाहणारा डोळा असून भागत नाही. पाहिलेले लिहिले पाहिजे, लिहिलेले इतरांपुढे ठेवले पाहिजे. ‘आमच्याकडे हे सर्व आधीच होते’ असे म्हणणे सोपे असते. ते कोठे होते, केव्हा होते, हे दाखवणारा कागद कोठे आहे, असे जग विचारते आणि त्या प्रश्नात अपमान वाटण्यासारखे काही नाही. हरिभाऊंनी त्या प्रश्नाचे उत्तर रेखाटनांच्या वह्यांनी दिले.

मतभेद आणि पुरावा

हरिभाऊंची सर्व मते विद्वानांनी मान्य केली, असे सांगितले तर ते त्यांच्यावरच अन्याय करणारे ठरेल. भीमबैठक्यातील हिरव्या रंगातील बारीक, लवचिक नर्तकांच्या आकृती सर्वांत जुन्या, उत्तर-पुराश्मयुगातील आहेत, असे त्यांचे मत होते. उत्खननात त्या काळाच्या थरात मिळालेले हिरव्या खनिजाचे तुकडे हा त्यांचा आधार. डॉ. मिश्र आणि भीमबैठक्याच्या चित्रांच्या प्रतिकृती काढणारे दुसरे चित्रकार-संशोधक डॉ. यशोधर मठपाल यांना हे पटले नाही. बहुतेक चित्रे त्यानंतरच्या मध्याश्मयुगातील आणि पुढील काळातील आहेत, असे त्यांनी मांडले. गेरूच्या रंगात कार्बन नसतो, त्यामुळे कार्बन पद्धतीने थेट वय काढता येत नाही. म्हणून हा वाद सहजासहजी मिटणारा नव्हता.

अशा वेळी अनुयायांनी काय करावे? आपल्या माणसाचे मत म्हणून ते रेटून न्यावे, की पुरावा काय म्हणतो ते पाहावे? भीमबैठक्यानेच या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडे दिले आहे. २०२१ मध्ये काही परदेशी व भारतीय भूशास्त्रज्ञांनी तेथील एका शैलाश्रयाच्या छतावर डिकिन्सोनिया या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांनी रकाने भरले. आपल्याकडे अभिमानाचे संदेश फिरले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी त्याच जागी जाऊन पुन्हा पाहिले, तो ठसा खडकावरून सुटत होता! ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि मूळ संशोधकाने आपली चूक मान्य केली. ज्या टेकडीवर आपल्या पूर्वजांनी मध काढणारी माणसे रंगवली, त्याच टेकडीवर एका पोळ्याने विद्वानांना चकवले आणि पुन्हा जाऊन पाहणाऱ्यांनी सत्य उघड केले. भीमबैठक्याचे महत्त्व त्यामुळे रतिभरही कमी झाले नाही. चुकीचा दावा मागे घेतल्याने खरा वारसा लहान होत नाही. चुकीच्या दाव्याला चिकटून राहिल्याने मात्र खऱ्या वारशावरही संशय येतो.

सरस्वतीच्या शोधाकडेही याच दृष्टीने पाहावे. १९८५ मध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या प्रेरणेने वैदिक सरस्वती शोध अभियान निघाले. त्याचे शास्त्रीय नेतृत्व हरिभाऊंकडे होते. हरियाणातील आदिबद्रीपासून गुजरातपर्यंतच्या प्रदीर्घ मार्गावर कोरड्या पात्राचा माग काढत अभ्यासकांचा गट गेला. नदी केवळ ग्रंथात न शोधता तिच्या पात्रात उतरून शोधायची, ही त्यामागची दृष्टी होती. त्या पात्रावर आजही संशोधन चालू आहे. सतलजने हा मार्ग सिंधू संस्कृतीच्या नगरांपूर्वीच सोडला होता, असा निष्कर्ष २०१७ मध्ये एका गटाने काढला. नगरांच्या उदयकाळापर्यंत तेथे बारमाही प्रवाह होता, असे २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने मांडले. वाळूचे कण मोजून, त्यांचे वय काढून ही चर्चा होत आहे. हरिभाऊ असते तर ते या चर्चेत हिरिरीने उतरले असते, पण उतरले असते ते वाळूचा नमुना हातात घेऊन.

श्रद्धा आणि शोध

हरिभाऊ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते, हे या सभेला वेगळे सांगायला नको. १९८१ मध्ये संस्कार भारतीची स्थापना झाली, तेव्हा तिचे संस्थापक महामंत्री तेच झाले. कलावंतांना संघटित करण्याचे काम आणि उत्खननाच्या खड्ड्यात बसून माती खरवडण्याचे काम त्यांनी एकाच आयुष्यात केले. उज्जैनजवळच्या कायथ्याला त्यांनी १९६० च्या दशकात उत्खनन केले. पुढे डेक्कन कॉलेजचे डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांनीही तेथे काम केले आणि चार हजार वर्षांहून जुनी एक ताम्रपाषाणयुगीन संस्कृती त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कायथा हे वराहमिहिराचे गाव मानतात. त्या नावाच्या मोहाने कोणी तेथे गेले असते, तर वराहमिहिराच्या काळापाशीच थांबले असते. हरिभाऊ त्याखाली दोन-अडीच हजार वर्षे उतरले.

श्रद्धा असलेल्या माणसाला शोध घेता येत नाही, असे काही जण मानतात. शोध घेतला तर श्रद्धा उणावेल, अशी भीती दुसऱ्या काहींना वाटते. हरिभाऊंचे जीवन हे या दोघांनाही उत्तर आहे. भीमबैठका या नावातल्या भीमाची त्यांनी कधी थट्टा केली नाही, कारण त्या लोकश्रद्धेनेच ती जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या विस्मृतीतून वाचवली होती. पण चित्रे भीमाने काढली, असेही त्यांनी लिहिले नाही. ज्यांनी ती काढली त्यांना ना नाव होते, ना गोत्र. त्यांची भाषा कोणती, ते कोणाला नमस्कार करीत, हे सांगणारा एक शब्दही मागे नाही. राहिले ते केवळ त्यांच्या बोटांनी उमटवलेले. त्या अनामिकांनाही आपल्या पूर्वजांच्या पंगतीत सन्मानाने बसवायचे, हा हरिभाऊंच्या कामाचा गाभा होता. आपली परंपरा केवळ राजे, ऋषी आणि आचार्य यांची नाही. रानात मध काढणाऱ्यांचीही ती आहे, आणि त्यांचे वंशज आजही रानात, आपल्या सभांच्या बाहेर उभे आहेत. त्यांच्या सांगण्यावरून आपण पुढे गेलो, याचे ऋण त्या टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येकाने मानले पाहिजे.

आपल्या शिवारात

हे सर्व ताडकळसमध्ये सांगण्याचे प्रयोजन काय? भीमबैठका येथून दूर आहे. पण गोदावरी दूर नाही. १८६५ च्या सुमारास वायन नावाच्या भूशास्त्रज्ञाला पैठणजवळच्या मुंगी येथे गोदावरीच्या थरात, प्राण्यांच्या अश्मीभूत हाडांबरोबर गारगोटीसारख्या अकीक दगडाची माणसाने काढलेली एक छिलका मिळाली. भारतीय प्रागितिहासाच्या अगदी आरंभीच्या शोधांपैकी तो एक. तीच गोदावरी पुढे आपल्या परभणी जिल्ह्यातून वाहते.

आणखी जवळ यायचे तर आपल्या गावांची पांढर पाहा. काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती, ही विभागणी आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पांढर पांढरी का झाली? शतकानुशतके माणसे तेथे राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती कोसळल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, म्हणून. पुरातत्त्वज्ञ ज्याला वसाहतीचे टेकाड म्हणतात, ते हेच. माळवदावर घालायला आपण पिढ्यान्‌पिढ्या ही माती खणून नेली. आता यंत्राने एका दिवसात अख्खे टेकाड सपाट होते. टोपलीभर मातीबरोबर खापर जाते, मणी जातो, एखादे नाणे जाते. त्यांचा थर एकदा मोडला की ती वस्तू हातात असूनही तिचा काळ कायमचा हरवतो. भिंतीवरची खालची रेघ आणि वरची रेघ ओळखता येत होती, म्हणून हरिभाऊ इतिहास लिहू शकले. मातीत तो क्रम आपणच पुसून टाकत आहोत.

याला उतारा विद्वानांकडेच असतो असे नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर. तेथे रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक व्यापारी होऊन गेले. पावसाळ्यात टेकाडांवरून वाहून आलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर वेचल्या, मुलांनी आणलेली खापरे-मणी जपले आणि तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आज तेरचे संग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. अमरावतीच्या डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांना २००७ मध्ये सातपुड्यात, महाराष्ट्र-मध्य प्रदेशच्या सीमेवर चित्रित शैलाश्रयांचा मोठा समूह आढळला. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडेच्या सडे पायी तुडवून कातळशिल्पांची नोंद केली. यांपैकी कोणी उत्खननासाठी नेमलेला सरकारी अधिकारी नव्हता. हरिभाऊंची वाट ओसाड पडलेली नाही.

आपल्या गावात वेशीजवळ वीरगळ असेल, सतीशिळा असेल, देवळाच्या ओट्यात उलटा बसवलेला एखादा अक्षरांचा दगड असेल. त्यावर तैलरंग फासू नये. खडू किंवा कोळशाने अक्षरे गिरवू नयेत. शैलचित्रे पाहायला गेल्यावर ती उठून दिसावीत म्हणून त्यांवर पाणी मारण्याची खोड लोकांना असते. त्या पाण्याने चित्र क्षणभर उजळते आणि कायमचे फिके होते. जीर्णोद्धार करताना जुने खांब गुळगुळीत फरशीखाली गाडू नयेत. जे दिसेल त्याचे ठिकाण, दिशा, मापे वहीत टिपावीत, छायाचित्र घ्यावे, राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे. वस्तू उचलून घरी आणू नये. शाळेतल्या मुलांना वर्षातून एक दिवस आपल्याच शिवारात फिरवून आणावे. ही कामे निधीवाचून अडत नाहीत. ती अडतात आपल्या दुर्लक्षाने. संस्कृतीरक्षणाच्या घोषणा देणाऱ्या गावातच जर बाराव्या शतकातला दगड पायरी म्हणून वापरला जात असेल, तर आपण हरिभाऊंना कोणत्या तोंडाने आपले म्हणावे?

३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूरला हरिभाऊंचे निधन झाले. वयाची ६९ वर्षे पूर्ण व्हायला एक महिना उरला होता. तेथे ते एका परिषदेसाठी गेले होते, आणि अखेरच्या वेळीही समुद्राचे दृश्य कागदावर उतरवत होते, असे त्यांच्या परिवारातील लोक सांगतात. उज्जैनमध्ये त्यांच्या नावाचा शोध न्यास आहे. मध्य प्रदेश शासन त्यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देते. भीमबैठका ज्या रातापानी अरण्यात आहे, त्या व्याघ्र प्रकल्पाला डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ज्या रानात ते वाटाड्याच्या मागे चालले, ते रानच आता त्यांच्या नावाचे झाले आहे.

यापुढे सचखंडने जाताना नर्मदा ओलांडली की खिडकीपाशी बसावे. घाट संपताना ते खडक दिसतील. मुलाला जवळ घेऊन ते दाखवावेत आणि सांगावे की तेथे एक मराठी चित्रकार चढून गेला होता. आणि परत गावी आल्यावर त्याच मुलाचा हात धरून पांढरीवर जावे. तेथे पायाशी पडलेले पहिले खापर त्याला पाहू द्यावे, वहीत काढू द्यावे, आणि जेथे आहे तेथेच राहू द्यावे.